पान बदलले हे आम्हालाही ऐकू येऊ द्या

प्रति,
राज्यातील सार्वजनिक सेवांची संकेतस्थळे बांधून घेणारे अधिकारी आणि ती बांधणारे संगणक अभियंते यांस

विषय : पान नव्याने न उघडता त्यातला मजकूर बदलणाऱ्या संकेतस्थळांवर स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची होणारी अडवणूक

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी जन्मांध आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली १४ वर्षे राज्यशास्त्र शिकवते. संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे दोन स्क्रीन रीडर मला वाचून दाखवतात. वर्तमानपत्र, मुलांच्या गुणांच्या नोंदी, पगाराची चिठ्ठी, वीजबिल, बँकेचे खाते, सगळे त्यांच्याच आवाजात माझ्यापर्यंत येते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या दिव्यांग विद्यार्थ्यांना ज्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा लागतो, ते संकेतस्थळ नव्या रूपात आले. जुन्या संकेतस्थळावर सात वर्षे मी अंध मुलांना शेजारी बसवून अर्ज भरायला शिकवत होते, आणि बारावीला पोचेपर्यंत ती मुले स्वतःचा अर्ज स्वतः भरू लागत होती. नव्या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी मी आणि माझी एक विद्यार्थिनी साडेतीन तास बसलो, पण अर्ज काही शेवटापर्यंत गेला नाही. मी लेखी तक्रार केली. २२ दिवसांनी दोन वाक्यांचे उत्तर आले. संकेतस्थळ सुगमता तपासणीत, म्हणजे ते दिव्यांगांनाही वापरता येते का या तपासणीत, उत्तीर्ण झालेले आहे, हे पहिले वाक्य होते. अडचण असल्यास अर्ज कोणाकडून तरी भरून घ्यावा, हे दुसरे. त्या दुसऱ्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण असे उत्तर मिळालेली मी एकटी नाही.

ते संकेतस्थळ कोणत्या कार्यालयाचे हे मी येथे सांगत नाही. तेच दोष मला परीक्षेच्या, भरतीच्या, दाखल्यांच्या आणि कर भरण्याच्या संकेतस्थळांवरही रोज भेटतात, त्यामुळे एका कार्यालयाने आपले संकेतस्थळ दुरुस्त केल्याने हा प्रश्न मिटणार नाही.

आधी स्क्रीन रीडर काम कसे करतो हे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या मनात त्याचे चुकीचे चित्र आहे असे मला बैठकांमधून जाणवले आहे. स्क्रीन रीडर पडद्याकडे पाहत नाही. ब्राउझर आपण लिहिलेल्या पानावरून पडद्यावरचे दृश्य तयार करतो, आणि त्याच वेळी न दिसणारी एक दुसरी मांडणीही तयार करतो, ज्यात हे शीर्षक, हे बटण, हा रिकामा रकाना, ही टिचकी मारलेली चौकट अशी प्रत्येक वस्तूची ओळख नोंदलेली असते. ही मांडणी घेऊन स्क्रीन रीडर तिची एकापुढे एक ओळी लावलेली प्रत आमच्यापुढे ठेवतो. तिच्यात आम्ही बाणांच्या कळांनी एकेक ओळ खाली उतरतो, एच दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो, टॅब दाबून एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जातो. एका वेळी आमच्या कानावर एकच गोष्ट असते. डोळस माणूस पानाच्या तळाचे बटण दाबताना वरच्या कोपऱ्यात उमटलेली लाल ओळ डोळ्याच्या कडेने टिपतो. आमचा कान जिथे आहे त्याच्या बाहेरचे काहीही आम्हाला असे टिपता येत नाही.

मी विद्यार्थिनी होते तेव्हा संकेतस्थळे साधी होती. बटण दाबले की संपूर्ण पान नव्याने उघडायचे, स्क्रीन रीडर पानाचे नाव उच्चारून सुरुवातीपासून वाचू लागायचा, आणि काहीतरी घडले आहे हे आपसूक कळायचे. पान तेच ठेवून त्याचा एखादाच तुकडा बदलण्याच्या पद्धतीला २००५ मध्ये एजॅक्स हे नाव मिळाले आणि पाहता पाहता ती सगळीकडे पसरली. त्या सुरुवातीच्या काळात स्क्रीन रीडरच्या हातातली प्रत शिळीच राहायची. पडद्यावर नवा मजकूर आलेला असायचा आणि आम्ही मात्र जुनाच वाचत बसायचो. प्रत हाताने ताजी करण्यासाठीची इन्सर्ट आणि एफ-फाइव्ह ही आज्ञा एनव्हीडीएमध्ये आजही आहे, पण तिची गरज आता क्वचित पडते, कारण पानात बदल झाला की ब्राउझर तसे कळवतो आणि प्रत आपोआप ताजी होते.

मग अडचण कुठे उरली, असे आपण विचाराल. याच ठिकाणी थोडे थांबून विचार करावा अशी माझी विनंती आहे. बदल झाला हे स्क्रीन रीडरला कळते. परंतु आजच्या एखाद्या पानावर मिनिटाला कितीतरी बदल होत असतात : घड्याळाचा आकडा सरकतो, फिरती चित्रे पालटतात, सूचनांची पट्टी सरकते, एखादा रकाना रंग बदलतो. स्क्रीन रीडर यातला प्रत्येक बदल उच्चारू लागला तर आम्हाला एक वाक्यही धड वाचता येणार नाही, म्हणून सांगितल्याशिवाय तो गप्प राहतो. त्या सगळ्या गर्दीत "अर्ज जमा झाला नाही" ही एक ओळ महत्त्वाची आहे, हे पान लिहिणाऱ्यालाच माहीत असते. ते स्क्रीन रीडरला सांगण्याची सोय आहे. वाई-एरिया या नावाचे तिचे मानक डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने मार्च २०१४ मध्येच अंतिम केले. पानाच्या एखाद्या भागाला एरिया-लाइव्ह हा गुणधर्म लावला की त्या भागात बदललेला मजकूर स्क्रीन रीडर स्वतःहून उच्चारतो, मग आमचा कर्सर कुठेही असो. त्याची किंमत "पोलाइट" ठेवली तर चालू वाक्य संपल्यावर सांगतो, "असर्टिव्ह" ठेवली तर मध्येच थांबवून सांगतो. एवढीशी खूण न लावल्याने काय होते ते आता अनुभवावरून सांगते.

पहिली तक्रार जिल्ह्यांच्या यादीची. अर्जात "जिल्हा" या रकान्यावर आले की एनव्हीडीए "निवडा" असे वाचतो. यादीत पुढे जाण्यासाठी मी खाली जाणारा बाण दाबला. पहिले नाव आले, अकोला. मला सातारा हवा होता, म्हणून दुसऱ्यांदा बाण दाबला. पण तोपर्यंत संकेतस्थळाने अकोला ही माझी निवड समजून अकोल्याचे तालुके मागवले होते, अर्जाचा तो सगळा भाग पुसून नव्याने लिहिला होता, आणि मी ज्या रकान्यावर उभी होते तो रकानाच नाहीसा झाल्याने माझा कर्सर थेट पानाच्या माथ्यावर जाऊन पडला होता. कानावर आले ते "मुख्य मजकुराकडे जा". पुन्हा टॅब दाबत खाली आले. या वेळी जिल्हा अकोला होता. बाण दाबला, अमरावती. पुन्हा पान पुसले, पुन्हा मी माथ्यावर. राज्यात ३६ जिल्हे आहेत आणि या यादीत सातारा फार खाली आहे. ऑल्टची कळ धरून बाण दाबला तर यादी उघडी राहते आणि एंटर दाबेपर्यंत निवड पक्की होत नाही, ही युक्ती मला माहीत असल्याने मी त्यातून निघाले. सोळा वर्षांच्या मुलीला ती ठाऊक नसते, आणि ती ठाऊक असणे ही शिष्यवृत्ती मिळण्याची अट असता कामा नये. रकान्यातली निवड बदलल्याबरोबर, आधी सूचना न देता, वापरणाऱ्याला आहे तिथून दुसरीकडे नेऊ नये, हे वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, २००८ पासून सर्वात प्राथमिक पातळीवर लिहिलेले आहे.

दुसरी तक्रार शांततेची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. "जमा करा" हे बटण आम्ही दाबले. काहीच ऐकू आले नाही. पाच सेकंद थांबलो, दहा सेकंद थांबलो. अर्ज गेला का? राहिला का? संकेतस्थळ अजून विचार करत आहे का? पुन्हा दाबावे का? डोळस सहकाऱ्याला बोलावले तेव्हा कळले की पानाच्या वरच्या बाजूला लाल अक्षरांत "बँकेचा आयएफएससी क्रमांक अवैध आहे" असे लिहिलेले होते. ती ओळ स्क्रीन रीडरच्या प्रतीतही होती, पण ती तिथे आली आहे हे सांगणारे कोणी नव्हते. अर्जात ४० पेक्षा अधिक रकाने होते; चूक झाली आहे हेच माहीत नसलेल्या माणसाने ती शोधायला कुठून सुरुवात करावी?

हीच शांतता पैशांच्या व्यवहारात आली की तिची झळ बसते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संकेतस्थळावर परीक्षेचे शुल्क भरताना मी "शुल्क भरा" हे बटण दाबले आणि असेच काही ऐकू आले नाही. पडद्यावर म्हणे एक चक्र फिरत होते. बटण दाबले गेले नसावे असे समजून मी ते पुन्हा दाबले. पैसे दोनदा कापले गेले, आणि दुसऱ्यांदा गेलेली रक्कम परत मिळवायला मला ११ दिवस आणि चार अर्ज लागले. "थांबा, व्यवहार चालू आहे" हे चार शब्द पडद्यावर लिहिलेले होतेच; ते फक्त उच्चारले जायला हवे होते. जून २०१८ मध्ये डब्ल्यूसीएजीची २.१ ही आवृत्ती आली तेव्हा नेमकी हीच गोष्ट ४.१.३ या स्वतंत्र निकषाने बंधनकारक झाली : पानावर उमटणारा स्थितिदर्शक संदेश, कर्सर तिथे नेला नसला तरीही, स्क्रीन रीडरला कळला पाहिजे.

अभियंत्यांसाठी येथे एक बारकावा नोंदवते. आपल्यापैकी काही जण ही खूण लावतातही, तरी आवाज येत नाही. याचे नेहमीचे कारण असे की, खूण लावलेला डबा, म्हणजे पानाचा तो भाग, आणि त्यातला संदेश दोन्ही एकाच क्षणी पानात टाकले जातात. स्क्रीन रीडर डब्यातल्या बदलाकडे लक्ष ठेवतो. डबाच आत्ता आला असेल तर त्याच्या दृष्टीने त्यात काही बदललेले नसते आणि संदेश अनेकदा उच्चारलाच जात नाही. रिकामा डबा पान उघडतानाच ठेवावा आणि मजकूर नंतर त्यात घालावा. तीन सेकंदांत विरून जाणाऱ्या पट्टीत महत्त्वाचा संदेश ठेवू नये, कारण उच्चारलेला शब्द हवेत विरतो, आणि तो नीट ऐकू आला नाही म्हणून परत वाचायला जावे तर पानावर तो उरलेला नसतो.

तिसरी तक्रार नाहीशा होणाऱ्या बटणांची. "दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडा" या बटणावर आम्ही एंटर दाबला, फाइल निवडली, आणि संकेतस्थळाने ते बटण काढून त्या जागी फाइलचे नाव लिहिले. ज्या वस्तूवर आम्ही उभे होतो तीच काढून घेतल्यावर कर्सरला जागा उरत नाही आणि तो पुन्हा पानाच्या सुरुवातीला जातो. सहा कागदपत्रे जोडायची होती, म्हणजे सहा वेळा माथ्यापासून खाली. नवा मजकूर जिथे आला तिथे कर्सर ठेवणे ही एका ओळीची दुरुस्ती आहे.

चौथी तक्रार वेळ संपण्याची. संकेतस्थळावर काही मिनिटे हालचाल झाली नाही की एक छोटी खिडकी उघडते आणि आपला वेळ संपत आला आहे, पुढे चालू ठेवायचे का, असे विचारते. ती पडद्याच्या मध्यभागी दिसते, पण कर्सर तिच्यात नेला जात नाही, म्हणून आम्ही तिच्यामागच्या अर्जातच टाइप करत राहतो. मग अचानक लॉगिनचे पान येते आणि भरलेले सगळे जाते. माझी विद्यार्थिनी तेव्हा आईचे वार्षिक उत्पन्न लिहीत होती. आवाज ऐकत अर्ज भरायला डोळस माणसापेक्षा वेळ अधिक लागतो हे उघड आहे, त्यामुळे ही मर्यादा सर्वांत जास्त आमच्यावरच पडते. वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी, साध्या कृतीने मुदत वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळावी, हाही डब्ल्यूसीएजीने सांगितलेला एक मार्ग आहे. खिडकी उघडली की कर्सर तिच्यात जावा, ती बंद होईपर्यंत तिच्यातच फिरावा, एस्केपने ती मिटावी आणि कर्सर मूळ जागी परतावा. यातल्या बहुतेक गोष्टी करून देणारा "डायलॉग" हा तयार घटक मार्च २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांमध्ये आहे. तो सोडून हाताने खिडक्या बांधण्याचे कारण मला समजत नाही.

पाचवी तक्रार याच्या उलट आहे. काही ठिकाणी गरज नसलेल्या गोष्टीला ही खूण लावलेली असते. ओटीपीच्या रकान्याजवळ उलटी मोजणी चालू असते, तिला "असर्टिव्ह" लावले की दर सेकंदाला स्क्रीन रीडर आपले बोलणे तोडून एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस असे म्हणू लागतो. फोनवर आलेला सहा आकडी ओटीपी ऐकायचा, तो लक्षात ठेवायचा आणि त्याच वेळी कानात दुसरे आकडे कोसळत असताना तो लिहायचा, हे कोणालाही जमणे कठीण आहे. शेवटचे ३० सेकंद उरले की एकदा आणि १० उरले की एकदा, एवढे सांगितले तरी पुरे.

सहावी भाषेची. "मराठी" या बटणाने पानावरचा सगळा मजकूर मराठीत येतो, परंतु पानाच्या मुळाशी लिहिलेली भाषेची नोंद इंग्रजीच राहते. स्क्रीन रीडर त्या नोंदीवरून आवाज निवडतो. मग इंग्रजी आवाजांपैकी काही देवनागरी मजकूर सरळ गाळतात आणि आम्हाला केवळ आकडे आणि विरामचिन्हे ऐकू येतात. मजकूर बदलताना नोंदही बदलावी. राज्याच्या राजभाषेतला अर्ज राजभाषेत ऐकता यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

कॅप्चाबद्दल, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे पाहण्यासाठी चित्रातली अक्षरे ओळखायला लावणाऱ्या चाचणीबद्दल, वेगळे लिहीत नाही. त्यावर जगभर पुष्कळ लिहून झाले आहे. इतकेच सांगते की, चित्रातली अक्षरे चुकल्यावर चित्र बदलते आणि पासवर्डचा रकाना रिकामा होतो, यातले काहीही ऐकू येत नाही.

आता आपल्या उत्तराच्या पहिल्या वाक्याकडे येते. संकेतस्थळ तपासणीत उत्तीर्ण झाले असे आपण म्हणता. ही तपासणी एका स्वयंचलित साधनाने केली होती, असे चौकशीअंती मला सांगण्यात आले. असे साधन पान उघडल्या क्षणी जसे असते तसे तपासते : चित्रांना पर्यायी मजकूर आहे का, रकान्यांना नावे आहेत का, रंगांत पुरेसा फरक आहे का. ते उपयोगी आहे आणि करावेच. पण "जमा करा" दाबल्यानंतर काय घडते, कर्सर कुठे जातो, संदेश कानावर येतो की नाही, हे ते ठरवू शकत नाही, कारण त्यासाठी अर्ज शेवटापर्यंत भरून पाहावा लागतो. आमच्या अडचणी जिथे सुरू होतात तिथे त्या साधनाची तपासणी संपलेली असते.

अनेक संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करण्याची बटणे आणि "स्क्रीन रीडर ॲक्सेस" नावाचा दुवाही असतो. तो उघडला की स्क्रीन रीडरची एक यादी मिळते, आणि तिच्यात विंडो-आइज हे नावही बरेचदा असते. त्याची विक्री २०१७ मध्येच बंद झाली. ती यादी वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहिलेली नाही, एवढाच अर्थ मी त्यातून काढते. अलीकडे एक ओळ टाकली की संकेतस्थळ आपोआप सुगम होईल असे सांगून तरंगती बटणे विकली जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अशाच दाव्यांबद्दल एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्या निविदांमध्ये असली बटणे सुगमतेचा पुरावा म्हणून स्वीकारली जाऊ नयेत.

आणि दुसरे वाक्य, "कोणाकडून तरी भरून घ्यावा". शेवटी तेच करावे लागले. माझी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावातल्या नेट कॅफेत गेली. अर्ज भरणाऱ्या मुलाला तिने आपला पासवर्ड सांगितला, मग फोनवर आलेला ओटीपी सांगितला, आधार क्रमांक सांगितला, आईच्या बँक खात्याचा क्रमांक सांगितला. रांगेत मागे दहा-बारा जण उभे होते. मुलाने खात्री करण्यासाठी मोठ्याने विचारले, दिव्यांगत्व किती टक्के, उत्पन्न किती, वडील हयात आहेत का. त्याने काही वाईट केले नाही, तो त्याचे काम करत होता. पण जो ओटीपी कोणालाही सांगू नका असे त्याच संदेशात लिहिलेले असते, तो परक्याला सांगण्यावाचून तिच्यापुढे मार्ग ठेवला गेला नव्हता. घरी परतल्यावर तिने मला फोन केला आणि पासवर्ड बदलून द्याल का म्हणून विचारले. पासवर्ड बदलण्याच्या पानावरही तेच दोष होते.

कायदा काय म्हणतो हे आपण जाणता, तरी वाचकांसाठी थोडक्यात लिहिते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ नुसार माहिती आणि तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता यावे यासाठी उपाययोजना करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ ची दुहेरी-ए, म्हणजे तीनपैकी मधली, पातळी मागते, म्हणजे वर सांगितलेला ४.१.३ हा निकष त्यात आला. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे डिजिटल सुगमतेचे मानकही आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे असे ठरवून, बंधनकारक नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून न्यायालयाने २० निर्देश दिले. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्ती नोंदल्या गेल्या. आम्ही सवलत मागत नाही आहोत.

पाने बदलती असू नयेत असेही माझे म्हणणे नाही. उलट नीट बांधलेले बदलते पान आम्हाला जुन्या पद्धतीपेक्षा सोयीचे असते, कारण प्रत्येक पायरीनंतर तोच मेनू, तेच दुवे, तीच शीर्षके पुन्हा ऐकावी लागत नाहीत. मी वापरत असलेल्या एका ॲपमध्ये रक्कम पाठवली की लगेच "पाठवली" असे ऐकू येते आणि कर्सर पावतीवर जातो. रकान्यात चूक झाली तर ती कोणत्या रकान्यात आहे हे सांगून ते ॲप मला तिथे नेऊन सोडते. ते ॲप बांधणारे अभियंतेही आपल्यासारखेच असतील. त्यांनी हे केले आहे म्हणजे ते करता येते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू होण्यापूर्वी सध्याच्या सर्व अर्जांमधले स्थितिदर्शक संदेश, कर्सरची जागा आणि वेळेची मर्यादा या तीन गोष्टी दुरुस्त कराव्यात. बाकीच्या दुरुस्त्यांना वेळ लागेल हे मी समजू शकते. या तिन्हींना फार लागू नये.

नव्या संकेतस्थळाच्या निविदेत आयएस १७८०२ ही काम स्वीकारण्याची अट असावी, आणि लॉगिनपासून पावती मिळेपर्यंतचा संपूर्ण प्रवास एनव्हीडीए व टॉकबॅकवर प्रत्यक्ष अंध वापरकर्त्यांनी पूर्ण केल्याखेरीज कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देऊ नये. या वापरकर्त्यांना त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा, कारण हे कौशल्याचे काम आहे.

नवे संकेतस्थळ असे तपासून होईपर्यंत जुने, वापरता येणारे संकेतस्थळ बंद करू नये. आमचे जुने संकेतस्थळ दिसायला साधे असेल, पण त्यावर माझी मुले स्वतःचा अर्ज भरत होती.

प्रत्येक संकेतस्थळावर सुगमतेच्या तक्रारीसाठी एका जबाबदार अधिकाऱ्याचे नाव, दूरध्वनी आणि ईमेल असावा, १५ दिवसांत उत्तर मिळावे, आणि तक्रार खरी ठरल्यास त्या अर्जदाराला अंतिम तारखेनंतरही अर्ज भरू द्यावा. गेल्या वर्षी तक्रारीचे उत्तर येण्याआधीच मुदत संपली होती.

अभियंत्यांना एक वेगळी विनंती. एनव्हीडीए विनामूल्य आहे आणि तो उतरवून घ्यायला काही मिनिटे लागतात. तो चालू करून, पडदा बंद करून, माउस बाजूला ठेवून, आपण स्वतः बांधलेला एक अर्ज शेवटापर्यंत भरून पाहावा. जिथे आपण थांबाल आणि आता काय झाले असे म्हणाल, ती प्रत्येक जागा लिहून ठेवावी. ती यादी घेऊन आपण कामाला लागलात तर या पत्रातला बराचसा भाग मला पुन्हा लिहावा लागणार नाही.

तपासणीसाठी मी स्वतः यायला तयार आहे. माझ्या महाविद्यालयात एनव्हीडीए असलेले चार संगणक आहेत, शनिवारी दुपारी ते मोकळे असतात, आणि अर्ज भरण्यात अडकलेल्या तीन विद्यार्थिनीही त्या वेळी येऊ शकतील. आपल्या कार्यालयातून कोणी आले तर आम्ही जिल्ह्याच्या रकान्यापासून सुरुवात करू.

आपली,
राज्यशास्त्राची एक अंध शिक्षिका
जिल्हा सातारा